फॉर्मच्या रकान्याबाहेरचा ‘बी’

जून-जुलैत परदेशी निघालेल्या मुलांचे लसीकरणाचे फॉर्म आपल्या दवाखान्यांत येऊ लागतात. मेनिंगोकॉकसच्या रकान्यात एसीडब्ल्यूवाय लसीची तारीख घालायची, सही-शिक्का मारायचा, पुढचा रुग्ण. अशी सही करणाऱ्या प्रत्येकाने अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातली साथ एकदा नीट वाचावी.

मार्च २०१३ पासून त्या विद्यापीठाशी संबंधित आठ जणांना वर्षअखेरपर्यंत मेनिंगोकॉकसने गाठले. वसतिगृहात राहायचे तर लस हवीच, असा न्यू जर्सीचा कायदा; म्हणजे कागदपत्रे चोख होती. पण जीवाणू त्या लसीत नसलेल्या ‘बी’ सीरोग्रुपचा. त्याच्या कवचातली शर्करा आपल्या मज्जापेशींवरच्या शर्करेसारखीच असल्याने शरीर तिला परके मानत नाही. म्हणून ‘बी’साठी प्रथिनांवर आधारलेली वेगळी लस करावी लागली. युरोपने ती जानेवारी २०१३ मध्येच मान्य केली होती, अमेरिकेत मात्र परवाना नव्हता. एफडीएच्या खास परवानगीने ती आणून पहिला डोस टोचेपर्यंत डिसेंबर उजाडला. हा उशीर आम्हाला खटकतो. त्यानंतरची तडफ मात्र दाद देण्याजोगी: खर्च विद्यापीठाचा, आणि लस घेणारे पाच हजारांवर.

तरीही मार्च २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातली एक विद्यार्थिनी त्याच स्ट्रेनने दगावली. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांशी तिचा संपर्क आला होता. लसीने टोचलेल्यांना सावरले, घशातला जीवाणू हटवला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या अभ्यासानेही पुढे तेच दाखवले. शिवाय प्रिन्स्टनमध्ये दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांच्याच रक्तात त्या स्ट्रेनविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे आढळली. ‘लस झाली, आता घोर नाही’ असे पालकांना सांगणारे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

पुण्यात तयार झालेल्या मेनफाइव्ह लसीचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ती ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्ससाठी. ‘बी’ तिच्यातही नाही.

तेव्हा सही करताना ‘बी’चा विषय काढा, तिथल्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात त्या लसीची चौकशी करायला सांगा. आणि ताप, गार पडलेले हातपाय, पोटऱ्यांत ठणका, दाबूनही न विरणारे जांभळे ठिपके, हे खोलीतल्या मित्राला दिसले तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे मुलासमोर आणि आईवडिलांसमोर स्पष्ट बोला.