‘पंच’चा नेम कोणावर?

व्यंगचित्रकाराच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली की ती बहुधा सरकारपाशी येऊन थांबते. सत्ताधाऱ्यांनी डोळे वटारले नाहीत म्हणजे विनोदाचा मार्ग निष्कंटक झाला, असे गृहीत धरले जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाचा इतिहास या समजुतीला छेद देणारा आहे.

‘पंच’चा पहिला अंक १७ जुलै १८४१ रोजी निघाला. तो काळ इंग्लंडमध्ये मंदीचा, बेकारीचा आणि महाग धान्याचा होता. १८४३ मध्ये पार्लमेंटच्या नव्या वास्तूतील भित्तिचित्रांसाठी केलेल्या आराखड्यांचे प्रदर्शन भरले. अशा आराखड्यांना ‘कार्टून’ म्हणत. त्याच नावाखाली जॉन लीच याने ‘पंच’मध्ये आपले चित्र दिले. त्यात फाटक्या वस्त्रांतील दरिद्री लोक भव्य तसबिरींपुढे उभे होते. भाकरी मागणाऱ्यांना सरकार चित्रे दाखविते, हा त्याचा रोख. व्यंगचित्राला ‘कार्टून’ हे नाव चिकटले ते तेव्हापासून. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास टॉमस हूड याची शिवणकाम करणाऱ्या स्त्रीवरील कविता ‘पंच’मध्ये आली. नगामागे ७ पेन्स मिळविणाऱ्या एका विधवेने शिवायला आणलेले कपडे पोटासाठी गहाण टाकले आणि ती न्यायालयापुढे उभी राहिली, ही त्या कवितेमागची घटना होय.

परंतु पुढे वारे फिरले. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मागणारी चार्टिस्ट चळवळ १८४८ मध्ये ‘पंच’च्या टिंगलीचा विषय झाली. नंतरच्या दशकात लीचच्याच चित्रांतून मालकिणीसारखा नट्टापट्टा करणाऱ्या मोलकरणींची थट्टा होऊ लागली. १८५७ च्या उठावानंतर जॉन टेनिएल याने बंगाली वाघावर झेप घेणारा सूडाने पेटलेला ब्रिटिश सिंह रेखाटला, तर आयरिश बंडखोरांना त्याने माकडाची मुद्रा दिली.

हे काही सरकारी दडपणाने घडले नाही. उलट वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये रद्द झाला. बंधने सैल होत असतानाच विनोदाचे दात बोथट झाले, याचे कारण ग्राहकात शोधावे लागते. अंकाची किंमत होती ३ पेन्स. आठवड्याला सरासरी दहा शिलिंगांच्या आसपास कमावणाऱ्या शेतमजुराला ती न परवडणारी. अंक जात असे तो सुस्थित मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात. १८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक घरनोकर नोंदले गेले. त्यांना राबविणाऱ्या कुटुंबांत मोलकरणीवरचा विनोद खपे. तिच्या मजुरीवरचा तितकासा रुचला नसता.

याच नमुन्यावर आपल्याकडेही मुंबईत ‘पारशी पंच’, लखनौस ‘अवध पंच’ आणि ठाण्यास ‘हिंदू पंच’ निघाले. साहेबाचे हत्यार साहेबावर उगारता येते, हे एतद्देशीयांनी ओळखले. शस्त्र तेच, पण वाचक बदलला आणि नेमही बदलला.

१९९२ मध्ये ‘पंच’ बंद पडला. १९९६ मधील पुनरुज्जीवनही २००२ पलीकडे टिकले नाही. त्याने मागे ठेवलेला प्रश्न मात्र आजही लागू आहे. सरकारी बंदी निदान डोळ्यांना दिसते. वाचकाला न दुखविण्याची सवय दिसत नाही, आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. म्हणून विनोद कोणाला हसतो एवढेच पाहून भागत नाही. त्याची किंमत कोण मोजतो, हेही तपासावे लागते. वाचकाने त्यात स्वतःलाही वगळू नये.