विटा पाडणारे हात

प्राचीन इजिप्तचे नाव निघाले की फेरो, ममी आणि सुवर्ण यांचीच वर्णने पुढे येतात. ते वैभव ज्यांनी उभारले त्यांचे दर्शन घडते ते लक्सॉरच्या पश्चिम तीरावरील रेखमिरेच्या थडग्यात. ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकात हा रेखमिरे फेरो तिसरा थुतमोस याचा वजीर होता. कर्नाकच्या अमुन-मंदिराचे बांधकाम त्याच्या भिंतीवर रंगविलेले आहे. झाडांनी वेढलेल्या तळ्यातून मजूर घागरींनी पाणी काढतात, चिखल कालवितात, साच्याने विटा पाडतात, कावडीने वाहतात. जवळच छडी घेतलेला मुकादम आहे. हे मजूर युद्धात पकडून आणलेले कैदी होत, असे भिंतीवरील लेखच सांगतो. त्यांत न्युबियातले आहेत, तसे सीरियातलेही. नाव मात्र वजिराचे!

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीना डेव्हिस यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमसाठी थडग्यांतील अनेक चित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्यांत हे दृश्यही आहे. या प्रतिकृती म्हणजे दिवाणखान्याची शोभा नव्हे. तो श्रमाच्या इतिहासाचा दस्तऐवज होय. चित्र काढवून घेतले शासक वर्गाने, स्वतःची सत्ता मिरविण्यासाठी. तथापि प्रतिकृतिकाराने रंग, रेषा आणि हत्यारे प्रामाणिकपणे उतरविली, म्हणूनच त्यातून शोषणाची साक्ष आपल्या हाती आली.

हाच प्रामाणिकपणा आपणही पाळला पाहिजे. अनुवाद करताना मूळ वाक्य आपल्या सोयीने वळविण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. हे एक चित्र दाखवून ‘पिरॅमिड गुलामांनी बांधले’ असे अभ्यासवर्गात सांगणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. हे चित्र गिझाच्या पिरॅमिडांहून सुमारे हजार वर्षांनी अलीकडचे आहे. १९९० पासून गिझा येथे सापडलेल्या कामगारांच्या थडग्यांवरून ते बांधणारे इजिप्शियन मजूर व कारागीर होते, असे दिसते.

आणि सत्य आपल्या बाजूचेच आहे. राजांची थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या देइर अल-मदिना येथील कारागिरांनी तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, धान्याचे वेतन थकले तेव्हा हत्यारे खाली ठेवून मंदिरांपाशी बैठक मारली. लेखी नोंद असलेला जगातील हा सर्वांत जुना ज्ञात संप होय. त्याचा पपायरस इटलीतील तुरिन येथे जपलेला आहे.

ही प्रतिकृती आणि हा पपायरस आपल्या अभ्यासवर्गांत शेजारी शेजारी ठेवावेत. एकात छडीखाली वाकलेली पाठ आहे, दुसऱ्यात ताठ झालेली. अतिशयोक्तीची गरज दोहोंनाही नाही.