पागेची रात्रपाळी

शर्यतीच्या मोसमात फोटो झळकतात ते घोड्याचे, जॉकीचे आणि मालकाचे. पागेचा व्यवस्थापक त्यात क्वचितच दिसतो. हा अंक त्याच्यासाठी.

घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि विते बहुधा रात्री. भारतात शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून शिंगरं वर्षारंभीच हवी असतात. थंडीतली जागरणं त्यामुळेच. सडांवर मेणासारखे थेंब दिसले, की हा माणूस तबेल्यातून हलत नाही. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत दुधाला लागायला हवं आणि तीन तासांत घोडीची वार पडायला हवी. नाहीच पडली, तर डॉक्टरांना उठवायचं.

दिवसा चंदी, गवत, खरारा, नाल, लसी. आणि लीद! घोड्याला ओकता येत नाही; पोटशूळ जिवावर बेततो. त्यामुळे सकाळी लीद न बघता हिशेबाची वही उघडणारा व्यवस्थापक आमच्या मते कच्चाच.

पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात. त्यातूनच १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ती कथा सर्वज्ञात आहे. पुढच्या पानांवर आहेत ते तबेल्यातले लोक.