तंबू की चाकांवरचे घर?

ब्रिटनमध्ये सुटीचा मुक्काम तंबूत करावा की कारव्हॅनमध्ये, हा वाद शतकाहून जुना आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या माजी नौदल शल्यचिकित्सकाने ‘वाँडरर’ नावाची प्रशस्त गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो थेट स्कॉटलंडपर्यंत हिंडला. थॉमस हायराम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. त्याची सारी भिस्त सायकलवर नेता येईल अशा हलक्या तंबूवर. साठी ओलांडल्यावर, १९०८ साली, त्याने त्यावर ग्रंथच लिहिला. वय झाले की तंबू सुटतो, या समजुतीला हे एक उत्तर होय.

तरीही लेस्टर किंवा लंडन येथे दुकान मुलांच्या स्वाधीन करून मोकळे झालेले दांपत्य या प्रश्नापाशी येते, तेव्हा गुडघ्यांचे मत आधी घ्यावे लागते. तंबू उभारणे तितकेसे अवघड नाही. अवघड आहे ते रात्री दोन वाजता जमिनीवरून उठणे, ओल्या गवतातून विजेरी घेऊन स्वच्छतागृहापर्यंत जाणे आणि पहाटे पावसात भिजलेला तंबू गुंडाळणे. घडीच्या खाटेने यातील निम्मेच दुःख हलके होते.

कारव्हॅनमध्ये पलंग, शौचालय आणि ऊब असते. मुख्य म्हणजे स्वतःची चूल आणि स्वतःची भांडी असतात. पाणी गाळून उकळता येते. जून महिन्यात तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजनही निवांत होते.

मात्र व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर वर्षातील दहा महिने उभी राहणारी गाडी म्हणजे अडकलेले भांडवल. त्यावर विमा, दुरुस्ती आणि जागेचे भाडे वेगळेच. नवशिक्याने भरलेल्या कारव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, असा तेथील रूढ सल्ला आहे. म्हणजे १६०० किलोच्या मोटारीमागे १३६० किलो. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट घाटाचा चढ काही ठिकाणी तिनास एक इतका आहे. तेथे कारव्हॅन नेण्याचा विचारही करू नये. तंबू मोटारीच्या डिकीत बसून कोठेही येतो.

याहून गंभीर बाब सहसा बोलली जात नाही. ब्रिटनमध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी वाहन-परवान्याचे नूतनीकरण करावे लागते आणि पुढे दर तीन वर्षांनी. बहुतेक घरांत गाडी ओढून नेणारा एकटा पतीच असतो. परमुलखात त्याची दृष्टी किंवा प्रकृती अचानक दगा देईल, तेव्हा पत्नीच्या हाती दीड टन वजनाचे घर उरते आणि ते हलविण्याची विद्या तिला कोणी शिकविलेली नसते. म्हणून खरेदीपूर्वी मोकळ्या पटांगणात मागे घेण्याचा सराव दोघांनी करावा, आणि चाकाशी प्रथम तिनेच बसावे. मागे घेताना चाक उलट्या दिशेने फिरवावे लागते. ते अंगवळणी पडण्यास काही दिवस जातात.

तिला ते नकोसे वाटले, तर हट्ट नको. मुक्कामाच्या जागी कायम उभ्या असलेल्या कारव्हॅन आठवड्याच्या बोलीवर भाड्याने मिळतात. मे महिन्यात एक आठवडा राहून पाहिले, की पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. जुना तंबू मात्र विकून टाकू नये. मागच्या अंगणात नातवंडांना तोच लागतो.