मनगटावरील पट्टी आणि वार्धक्य

डॉ. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेत वार्धक्यातील क्षीणतेची पाच लक्षणे निश्चित केली: घटते वजन, थकवा, दुबळी पकड, मंद चाल आणि अल्प हालचाल. तीन आढळली की क्षीणता. यांपैकी चाल व हालचाल मनगटी पट्टी अहोरात्र टिपते. पकडीचे बळ मात्र तिला कळत नाही. साधन स्वागतार्हच! परंतु ते घेणार कोण? साठ ते एकोणऐंशी वयाच्या निर्धन वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये. शिवाय ही नोंद विमा कंपनीच्या हाती पडल्यास हप्ता वाढणार नाही, याची हमी कोणती? चार मीटर चालण्यास लागणारा वेळ तर साध्या घड्याळानेही मोजता येतो. शासनाने पट्ट्यांच्या खरेदीआधी तालुक्याच्या रुग्णालयांत व्यायामोपचारतज्ज्ञ नेमावेत. नाहीतर इशारा मिळालेल्या वृद्धाने जावे कोठे?