द्राक्षांच्या गावात मुक्काम कुठे करावा?



आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून मुलाने आणि सूनबाईने नाशिकला दोन दिवस जायचं ठरवलं. मुलाने फोनवर हॉटेलचे फोटो पाठवले. गंगापूर धरणाचं निळं पाणी, मागे डोंगर, खोलीच्या खिडकीखाली द्राक्षवेलींच्या सरळ रांगा. मन हरखून गेलं. मग खालची ओळ वाचली. हॉटेल एका वाइनरीचंच होतं आणि खोलीच्या भाड्यात वाइनची चव घेण्याचा कार्यक्रमही धरलेला होता.

मी म्हटलं, "बाळा, तिथे नको." तो म्हणाला, "आई, आपण थोडीच पिणार आहोत? विमानातही दारू देतात, मोठ्या हॉटेलातही बार असतो. तिथे जातोच ना आपण?"

प्रश्न चुकीचा नव्हता. "आपल्यात चालत नाही" एवढंच सांगून गप्प बसवलं असतं, तर तो गप्प बसलाही असता, पण त्याला पटलं नसतं. म्हणून मी एक रात्र विचार केला. तोच इथे लिहिते, कारण आज ना उद्या तुमच्याही घरी हा प्रश्न येणार आहे.

मी कॉमर्सची. कुठलीही गोष्ट मला जमाखर्चात मांडली की समजते. विमान कंपनीचं मुख्य उत्पन्न तिकिटाचं. दारू हे झालं इतर उत्पन्न. आपण जातो प्रवासासाठी. वाइनरीच्या हॉटेलात हिशेब उलटा असतो. तिथे मुख्य माल वाइन आणि खोली त्या मालाची जाहिरात. आपण बाटलीला हात लावला नाही तरी आपलं भाडं त्याच खात्यात जमा होतं.

आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं असं लहानपणापासून शिकवतात: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं नाही, दुसऱ्याकडून करवलंही नाही, पण पैसे मोजून, फोटो काढून, "काय सुंदर जागा आहे" म्हणून चार जणांना पाठवलं, तर ती अनुमोदना नाही तर काय? मद्याचा त्याग हा अष्ट मूलगुणांतला, म्हणजे श्रावकाची पहिलीच पायरी. त्यात पळवाट काढायला माझं मन घेईना.

पण म्हणून नाशिकच नको, असंही मी म्हणणार नाही. मी सांगलीची. तासगावच्या द्राक्षबागा बघत वाढले. वेलीचा काय दोष? १९९९ साली राजीव सामंत यांनी तिथे सुला सुरू केली, २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिकची ओळख वाइनशी जोडली गेली. तरी आजही नाशिक जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं खाण्याचीच असतात. पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या भागातल्या शेतकऱ्यांची द्राक्षं परदेशात जातात, ती लोक धुऊन खातात. म्हणजे वेलींच्या रांगा, धरण, डोंगर हे सगळं वाइनरीबाहेरही आहेच.

म्हणून मी मुलाला सांगितलं, छोटंच हॉटेल शोध, पण वाइनरीचं नको. आजकाल बुटीक हॉटेल म्हणतात ना, दहा-पंधरा खोल्यांचं, तसं आपल्याला खरं तर सोयीचंच. मोठ्या हॉटेलात स्वयंपाकघरापर्यंत आपला आवाज पोहोचत नाही. छोट्या ठिकाणी मालक स्वतः फोन उचलतो. फक्त पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

पहिलं, जेवण सूर्यास्ताआधी मिळेल का? जानेवारी-फेब्रुवारीत तिथे सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं बहुधा साडेसातला तापतात. मागे एका हॉटेलात "जैन जेवण मिळेल" असं छापलेलं होतं. मिळालं ते साडेआठला, तेही तयार रश्श्यातला कांदा गाळून. आम्ही पाणीसुद्धा न घेता झोपलो. तेव्हापासून मी वेळ आधी विचारते, पदार्थ नंतर.

दुसरं, कांदा-लसूण-बटाटा नसलेली भाजी वेगळ्या भांड्यात करणार का? तिसरं, सॉसमध्ये किंवा गोड पदार्थात वाइन घालतात का? अशा भागात हे विचारायलाच हवं. केकमध्येही ती असू शकते. चौथं, भाड्यात कुठले कार्यक्रम धरले आहेत?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. फोटोतले घड बारमाही नसतात. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते, घड पिकतात जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर वेलींवर द्राक्षं दिसणार नाहीत. भाडं मात्र सुट्टीचं, म्हणजे चढंच.

आम्हाला धरणाच्या बाजूला एक साधंसं, नीटनेटकं हॉटेल मिळालं. खिडकीतून फोटोइतकं देखणं दिसत नव्हतं, हे कबूल करते. पण साडेपाचला गरम फुलके, दुधीची भाजी आणि मूगडाळ पानात आली. स्वयंपाक करणाऱ्या ताई दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारायला आल्या, "आजी, आज काय करू?"

सकाळी म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या चढलो. सात बलभद्रांची ही मोक्षभूमी. नाशिकला जाऊन हे क्षेत्र न पाहता परत येणारी आपली कितीतरी घरं मला माहीत आहेत. वर पोहोचल्यावर नातीने विचारलं, "आजी, आपण त्या फोटोतल्या हॉटेलात का नाही गेलो?" मी तोंड उघडायच्या आधी माझा मुलगाच म्हणाला, "तिथे जे विकतात ते आपण घेत नाही, मग त्यांच्या दुकानात राहायचं कशाला?"

जी कोणी तिथे राहून आली असेल तिला मी नावं ठेवत नाही. तिचा हिशेब तिचा. पण पुढच्या वेळी हॉटेल निवडताना खिडकीतून काय दिसतं याच्या आधी आपले पैसे कुठल्या खात्यात जातात ते पाहा, आणि मुलांना नुसता नकार देऊ नका, त्याचं कारणही द्या. नकार आपल्याबरोबर संपतो. कारण पटलं, तर ते मुलं पुढे नेतात.