नवी गाडी कुठल्या गटात?

कुठलीही नवी वेगवान गाडी बाजारात आली की माझे ऑटोक्रॉसवाले मित्र किंमत विचारत नाहीत, ॲव्हरेज तर नाहीच नाही. पहिला प्रश्न एकच: "कुठल्या गटात टाकली?"

मी रविवारी नक्की कुठे उलथतो हे अजून न कळलेल्या नातेवाईकांसाठी थोडक्यात सांगतो. मोकळा पार्किंग लॉट किंवा जुनी धावपट्टी, तिच्यावर केशरी कोन मांडून केलेला वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि घड्याळ. फेरी साधारण मिनिटभराची. कोन पाडला की दोन सेकंद दंड. बक्षीस म्हणाल तर एखादी ट्रॉफी. (मामा, पैसे मिळत नाहीत. उलट आपणच भरायचे!)

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचे नियम चालतात. त्यांच्या 'स्ट्रीट' विभागात शोरूममधून आणलेली गाडी जवळजवळ तशीच पळवायची. टायर, शॉक ॲब्सॉर्बर असे थोडे बदल चालतात, पण रिमची रुंदी कंपनीने दिली तीच हवी. कुठली गाडी कुठल्या गटात हे मॉडेल आणि साल बघून लिहून ठेवलेलं असतं.

कुस्तीत हे सोपं आहे. पैलवान काट्यावर उभा राहिला की गट ठरला. गाडीसाठी असा काटा नाही, आणि कंपनीचं माहितीपत्रक तर काटा म्हणून अजिबात वापरू नये. २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी घ्या. परफॉर्मन्स पॅक लेव्हल १ आणि लेव्हल २, दोन्हींचे ४६० हॉर्सपॉवर. पण पहिलीला पुढे २५५ मिलिमीटरचे टायर, दुसरीला ३०५ चे. वळणात गाडीने रस्ताच धरला नाही तर ते ४६० घोडे करणार काय? नुसते खिंकाळणार! आणि रिमची रुंदी बदलायची नाही म्हटल्यावर पैसे ओतूनही पहिलीला दुसरीची बरोबरी करता येत नाही.

माझदा मियाटाची गंमत वेगळीच. २०१९ साली गाडी तीच, चेहरा तोच, पण १५५ चे १८१ हॉर्सपॉवर झाले आणि इंजिन ६८०० ऐवजी ७५०० आरपीएमपर्यंत जायला लागलं. कागदावर सातशे आरपीएम किरकोळ वाटतात. पण आमची फेरी बहुतेक दुसऱ्याच गिअरमध्ये असते. तिथे गिअर न बदलता पुढच्या कोनापर्यंत पोचणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

म्हणून माझं मत: शंका असेल तर नवी गाडी आधी वरच्या गटात टाका, मग वाटल्यास खाली आणा. खालच्या गटात टाकली आणि ती फारच भारी निघाली, तर आठ-दहा वर्षं एकच गाडी सांभाळत आलेल्या माणसाची गाडी एका रात्रीत भंगार. ज्याला नवी परवडत नाही तो भांडत बसत नाही. तो फक्त यायचा बंद होतो. उलट वरच्या गटात अडकलेला नवा मालक एखादा हंगाम हरेल, कुरकुर करेल, पण त्याची गाडी कुठे पळून जात नाही.

यावर एक मित्र म्हणतो, नव्या माणसाला पहिल्याच वर्षी आपटवलंत तर तो परत येईल का? मुद्दा चांगला आहे, पण बऱ्याच क्लबांत नवशिक्यांसाठी वेगळा गट असतोच. आणि खरं सांगू का, नवं मॉडेल सगळ्यांत आधी घेऊन येणारा सहसा नवशिका नसतोच. चांगला मुरलेला असतो. नियमावली वाचून, गट बघून, मग गाडी बुक केलेली असते त्याने!

गाड्यांचे गट सोलो इव्हेंट्स बोर्ड ठरवतं आणि सभासद त्यांना पत्र लिहू शकतात. लिहितं कोण? ज्याला नवी गाडी घ्यायचीय तो. जुनी गाडीवाला रविवारी रात्री टायर उतरवत बसलेला असतो. असो. मी माझं पत्र धाडलंय. इथे वाचणाऱ्यांपैकी जे कोणी सभासद असतील त्यांनीही लिहा, आणि गाडीचं साल, पॅकेज आणि रिमची रुंदी घालायला विसरू नका.